‘बरा आहे’ : चेकॉव्हच्या पत्रांतली प्रकृती

1904 सालच्या जून महिन्यात, मॉस्को सोडून जर्मनीला निघण्याच्या आदल्या दिवशी, अंतोन चेकॉव्हला भेटायला त्याचा लेखक-मित्र निकोलाय तेलेशॉव गेला होता. उशांच्या आधाराने बसलेला, ओळखू येऊ नये इतका वाळलेला चेकॉव्ह त्याला म्हणाला, उद्या निघतो आहे, आणि निघतो आहे तो मरायलाच. त्याने वापरलेले रशियन क्रियापद एरवी जनावरांच्या मरणासाठी वापरतात. तेलेशॉवने ही भेट आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तेव्हा बाडेनवायलर या जर्मन आरोग्यस्थानाहून चेकॉव्ह आपल्या आईला कळवतो की प्रकृती सुधारते आहे आणि आठवड्याभरात आपण अगदी ठणठणीत होऊ असे दिसते. याच सुमाराच्या दुसऱ्या पत्रांत तर तो लिहितो की तब्येत तोळ्यांनी नव्हे, मणांनी परत येते आहे. आईला लिहिलेल्या पत्राची तारीख 13 जून. 2 जुलैला तो गेला. (या लेखातल्या तारखा जुन्या रशियन पंचांगानुसार आहेत, आपल्या हिशोबाने तो दिवस 15 जुलैचा.) वय होते 44 वर्षांचे.

यातले खरे कोणते? चेकॉव्हवर लिहिणाऱ्यांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिलेली आढळतात. पहिले असे की, डॉक्टर असूनही हा माणूस आयुष्यभर स्वतःला फसवत राहिला. दुसरे असे की, तो घरच्यांना फसवत होता, त्यांच्या जिवाला घोर लागू नये म्हणून. दोन्ही उत्तरांना आधार आहे. पण दोन्हींत ‘फसवणे’ हे क्रियापद समान आहे, आणि मला ते खटकते. ही पत्रे आणि त्याच्या कथा-नाटकांतले क्षयी रुग्ण यांना शेजारी ठेवून पाहिले, तर प्रकरण फसवणुकीच्या पलीकडचे आहे असे दिसते. निदान मला तसे दिसले. ते कसे, हे मांडण्यासाठी हा लेख.

त्या काळच्या वैद्यकात या आशेला एक लॅटिन नावही होते : स्पेस थिसिका, म्हणजे क्षयी माणसाची आशा. रोगी जितका खंगत जातो तितका उल्हसित होतो, मरणाच्या दारात उभा राहून पुढच्या वर्षाचे बेत करतो, असे डॉक्टर मानत आणि खोकला किंवा रात्रीच्या घामाप्रमाणे या उल्हासाचीही लक्षणांत गणना करत. एकदा आशा हे लक्षण ठरले की रोग्याच्या बोलण्याला काही अर्थच उरत नाही. तो ‘बरे वाटते’ म्हणाला तर तेही रोगच बोलतो आहे! सूझन सोन्टॅग यांनी 1978 साली ‘इलनेस ॲज मेटफर’ या पुस्तकात क्षयाभोवती साचलेल्या असल्या रोमँटिक कल्पनांचा समाचार घेतला, आणि तेव्हापासून क्षय आणि साहित्य म्हटले की समीक्षक ते पुस्तक हाती घेतात. त्याचा उपयोग आहेच. पण सोन्टॅग यांचे लक्ष रूपकांवर आहे. आईला कार्ड टाकताना माणूस रूपक रचत नसतो.

मराठी वाचकाला या पत्रांकडे जाण्याची एक जवळची वाट आहे, ती आपल्या जुन्या पत्रलेखनातून जाते. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. घरात तापाने फणफणलेले मूल असले, सावकार दारात बसलेला असला, तरी पत्राची सुरुवात याच वाक्याने होई. खरी हकिगत असलीच तर चार ओळी खाली. त्या वाक्याला कोणी खोटे म्हणत नसे. ते वाक्य म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला दिलेला पाट होता : आधी बसा, मग बोलू. शिवाय आपल्याकडे ‘बरा’ हा एक विलक्षण शब्द आहे. ‘बरा झाला’ म्हणजे रोगमुक्त झाला. ‘बरा आहे’ म्हणजे ठीक, चालले आहे, फार विचारू नका. ‘बरे वाटते’ म्हणजे कालच्यापेक्षा आज थोडे हलके. आरोग्य आणि जेमतेमपण यांना एकच शब्द पुरवणारी भाषा जुनाट रोगाला फार सोयीची. श्वासाचे तर विचारूच नका. दम लागतो, माणूस दमतो, दम खातो, आणि त्यालाच आपण ‘दम धर’ म्हणतो. श्वास आणि धीर यांची फारकत आपल्या भाषेने केलेलीच नाही.

हे सुचले ते पुस्तकातून नव्हे. माझ्या आईला तरुणपणी क्षय झाला होता. औषधांनी जंतू गेले, पण डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग आक्रसून राहिला आणि पुढची तीस वर्षे तिने उरलेल्या श्वासावर काढली. शेवटी शेवटी पलंगाशेजारी ऑक्सिजनचे यंत्र घरघरत असे. रविवारी फोन केला की ती म्हणे, ‘‘बरी आहे गं. मागच्या आठवड्यापेक्षा पुष्कळ बरी.’’ हे ती प्रत्येक आठवड्याला म्हणे. मी हिशोब मांडून तिला एकदा सांगितलेही होते की या गतीने तू आतापर्यंत पर्वत चढायला हवी होतीस. मी चिडे, आणि म्हणे, ‘‘आई, खरं सांग.’’ चेकॉव्हचे पत्रखंड मी वाचले ते त्या यंत्राच्या आवाजात, आणि तेव्हा त्याच्यावरही अशीच चिडत होते. पुढे जे लिहिणार आहे त्यात त्या चिडण्याचे परिमार्जन किती आणि समीक्षा किती, हे वाचकांनी ठरवावे.

चेकॉव्ह 1884 साली मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचे जंतू दाखवले होते. म्हणजे रोग कशाने होतो हे माहीत असलेल्या डॉक्टरांच्या अगदी पहिल्या पिढीतला हा माणूस. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या घशातून रक्त आले, आणि ते काही दिवस येत राहिले. एखादी बारीकशी रक्तवाहिनी फुटली असेल, असे त्याने कळवून टाकले. चार वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1888 रोजी, प्रकाशक-मित्र सुव्होरिनला त्याने या विषयावर एक लांब पत्र लिहिले. त्याचा युक्तिवाद पाहण्याजोगा आहे. तो म्हणतो, खोकला दरवर्षी हिवाळ्यात, शरदात, वसंतात येतो, उन्हाळ्यातल्या दमट दिवशीही येतो. रक्त दिसते तेव्हा भीती वाटते. तोंडातून वाहणाऱ्या रक्तात दूरच्या आगीच्या लालीसारखे काहीतरी अशुभ असते. ते थांबले की भीतीही थांबते. क्षय ओळखायचा तो लक्षणांच्या समुच्चयावरून, आणि तो समुच्चय आपल्या ठायी नाही. आणि शेवटचा पुरावा : कोर्टात बसलो असताना पहिल्यांदा रक्त आले ते जर क्षयाचे असते, तर आपण एव्हाना परलोकी पोहोचलो असतो.

वैद्यकीयदृष्ट्या यातले प्रत्येक विधान तेव्हाच्या पाठ्यपुस्तकात बसेल. चूक आहे ती शेवटच्या पायरीत : अजून मेलो नाही, म्हणून रोग तो नव्हे. आणि हे डॉक्टराचे तर्कशास्त्र नसून रोग्याचे आहे, हे लिहिणाऱ्याला कळत नव्हते असे म्हणवत नाही, कारण आपला तर्क असा आहे, हे तो मुद्दाम बोलून दाखवतो. आठ महिन्यांनी, जून 1889 मध्ये, त्याचा चित्रकार भाऊ निकोलाय क्षयाने गेला. आजारपणात त्याची शुश्रूषा करणाऱ्यांत अंतोन होता. समुच्चय म्हणजे काय, हे त्याने घरात पाहिले.

आता कथांकडे. 1890 साली चेकॉव्ह सैबेरिया ओलांडून साखालीन बेटावर गेला आणि परतला तो समुद्रमार्गे : हाँगकाँग, सिंगापूर, सिलोन, मग ओडेसा. सिंगापूरच्या वाटेवर जहाजावरचे दोन मृतदेह समुद्रात सोडलेले त्याने पाहिले. त्यातून ‘गुसेव’ ही कथा आली. जहाजाच्या कोंदट इस्पितळात घरी परतणारे सैनिक पडले आहेत, आणि त्यांच्यात पावेल इवानिच नावाचा एक शिकलेला, चिडका, सतत बोलणारा माणूस आहे. सैनिकांना डॉक्टरांनी मरायलाच जहाजावर चढवले आहे, हे त्याला लख्ख दिसते. व्यवस्थेचा सारा अन्याय त्याला दिसतो. दिसत नाही ते एकच. तो म्हणतो, तुमचे खरे नाही बाबांनो, माझे मात्र ठीक आहे. फुप्फुसे निरोगी आहेत, हा खोकला पोटाचा आहे. तांबडा समुद्रच काय, नरकसुद्धा सोसेन. सैनिकांना त्याचे बोलणे धड कळतही नाही. काही दिवसांत तो मरतो आणि गुसेवच्या आधी समुद्रात जातो.

पोटाचा खोकला! ज्या माणसाने सहा वर्षांपूर्वी घशातल्या रक्तवाहिनीवर खापर फोडले होते, त्यानेच हे वाक्य पावेल इवानिचच्या तोंडी घातले आहे. हा योगायोग मानणे मला अशक्य वाटते. स्वतःला फसवणारा माणूस आपल्या फसवणुकीची इतकी नेमकी, इतकी निर्दय नक्कल करू शकत नाही. आणि वर ही कथा लिहून झाल्यावर, 1891 सालच्या नोव्हेंबरात, तो सुव्होरिनला कळवतो की पाणी आणि क्विनाइन घेईन, पण छातीला कान लावू देणार नाही. म्हणजे कळत नव्हते असे नाही. कळू द्यायचे नव्हते. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक फक्त बाहेरून पाहणाऱ्यालाच क्षुल्लक वाटतो.

खरे बोलण्याचे काय होते, याचाही प्रयोग त्याने करून पाहिला होता. ‘इवानोव’ (1887) या नाटकात नायकाची बायको आन्ना पेत्रोव्ना क्षयाने आजारी आहे आणि तिला ते धड सांगितलेले नाही. तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर ल्वोव हा चेकॉव्हने निर्माण केलेल्या माणसांपैकी सर्वांत सत्यवचनी, आणि माझ्या मते सर्वांत असह्य. तो सगळ्यांना खरे सुनावत सुटतो. तिसऱ्या अंकाच्या शेवटी भांडण विकोपाला जाते आणि इवानोव, आधी तिच्या ज्यू जन्माचा उद्धार करून, मग तिच्या तोंडावर सांगतो की तू लवकरच मरणार आहेस, डॉक्टरने मला सांगितले आहे. वाक्य शंभर टक्के खरे आहे. चेकॉव्हच्या रंगभूमीवर याहून क्रूर वाक्य मला आठवत नाही. पुढच्या अंकापर्यंत ती गेलेली असते. रोग्याला सत्य सांगणे हा गुण की अवगुण, यावर वैद्यकातली चर्चा अजून संपलेली नाही. सत्य कोण सांगतो, कशासाठी आणि कोणत्या क्षणी, यावर सारे अवलंबून असते, हे त्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टराला ठाऊक होते.

1894 साली प्रसिद्ध झालेल्या ‘काळा साधू’ या कथेत युक्तिवाद परत येतो, या वेळी उपहासाशिवाय. कोव्हरिन या विद्वान नायकाला भ्रम होतात, म्हणून समीक्षकांनी या कथेचा विचार बहुतेक वेळा वेडाच्या अंगाने केला. शेवटच्या प्रकरणातल्या काही ओळी त्यामुळे दुर्लक्षित राहिल्या. कोव्हरिनला रक्त पडते; कधी थोडे, महिन्यातून एकदोनदा पुष्कळ. त्याला त्याची फारशी भीती वाटत नाही, कारण त्याची आई याच दुखण्यासह दहा वर्षांहून अधिक जगली होती, आणि डॉक्टरांनीही काळजीचे कारण नाही, फक्त मन शांत ठेवा, कमी बोला, असे सांगितलेले असते. 1888 च्या पत्रातलाच हा तर्क, अजून मेलो नाही हा. पण इथे त्याच्यात एक भर पडली आहे : आजाराला कालावधी आला आहे. दहा वर्षे. पावेल इवानिचला आपण आजारी नाही असे म्हणायचे होते. कोव्हरिनला आजार मान्य आहे, त्याला त्याच्यासह किती दिवस काढता येतील याचा अंदाज हवा आहे. जुनाट रोग्याची आशा इथे प्रथम आपल्या खऱ्या आकारात येते. ती बरे होण्याची आशा नसते. ती मुदतवाढीची असते.

आपल्याकडच्या पुराणाला हे माहीत होते असे मला नेहमी वाटते. दक्षाच्या शापाने चंद्राला यक्ष्मा झाला. रोहिणीवरच्या एकतर्फी प्रेमाची ती शिक्षा होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्याचे प्रकरण याच कथेने सुरू होते. पुराणांतल्या प्रचलित कथेत चंद्र प्रभासक्षेत्री जाऊन आराधना करतो, पण शाप पुसला जात नाही, वाटून मिळतो : पंधरा दिवस क्षय, पंधरा दिवस वृद्धी. क्षयाच्या रोग्याला पुराणाने दिलेला उःशाप एवढाच.

22 मार्च 1897 रोजी मॉस्कोतल्या हर्मिटाझ उपाहारगृहात सुव्होरिनबरोबर जेवायला बसत असताना चेकॉव्हच्या तोंडातून भळाभळा रक्त आले. या वेळी रक्तवाहिनीचे निमित्त चालणार नव्हते. त्याला प्राध्यापक ऑस्त्रोउमॉवच्या रुग्णालयात नेले. बहीण मारिया भेटायला गेली तेव्हा टेबलावर तिला फुप्फुसांचे एक चित्र दिसले. बाह्यरेषा निळ्या पेन्सिलीची, आणि वरचे शेंडे लाल पेन्सिलीने भरलेले. तिने आठवणींत हे लिहिले आहे. आईवडिलांना कळू देऊ नये अशी त्याची इच्छा होती. 28 मार्चला टॉल्स्टॉय भेटायला आला आणि अमरत्वावर बोलत बसला. पडून राहा, बोलू नका, अशी सक्त ताकीद असलेल्या माणसाशी! टॉल्स्टॉयचे अमरत्व म्हणजे बुद्धी आणि प्रेमाच्या एका विश्वतत्त्वात विलीन होणे. चेकॉव्हला ते काही पटले नाही. मला तसल्या अमरत्वाची गरज नाही, असे त्याने पुढे एका पत्रात कळवून टाकले. त्याला हवे होते ते मेलिखोव्होचे घर, बाग, आणि गावातल्या शाळेचे बांधकाम.

यानंतरची सात वर्षे म्हणजे हवापालटाची सात वर्षे. नीस, मग याल्टा. क्रिमियातल्या समुद्रकाठच्या या गावी त्याने घर बांधले, झाडे लावली, आणि तो तिथे कैद्यासारखा राहिला. औषध नव्हते; स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 साल उजाडायचे होते. होते ते हवा, विश्रांती, दूध आणि वजनकाटा. थॉमस मानच्या ‘मॅजिक माउंटन’मध्ये (1924) दाव्होसच्या श्रीमंत रोग्यांना आपल्या तापाचाही अभिमान वाटतो, याल्टात चित्र निराळे होते. रशियाभरातून खिशात दमडी नसलेले क्षयी शिक्षक, विद्यार्थी तिथे मरायला येत आणि चेकॉव्हच्या दारी उभे राहत. त्यांच्यासाठी त्याने निधी जमवला, मदतीचे आवाहन लिहून प्रसिद्ध केले. त्या आवाहनात आडपडदा नाही. दुसऱ्यांच्या क्षयाबद्दल तो स्वच्छ लिहीत होता, हे त्याच्या स्वतःच्या पत्रांचा विचार करताना विसरता कामा नये.

1901 च्या मे महिन्यात डॉक्टरांना दोन्ही बाजूंना बिघाड आढळला आणि त्यांनी कुमिस प्यायला सांगितले. कुमिस म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध. 25 मे रोजी त्याने नटी ओल्गा क्निप्परशी लग्न केले आणि नवपरिणीत जोडपे मधुचंद्राला म्हणून उफा प्रांतातल्या क्षयरुग्णालयात गेले. तिथून तो लिहितो : चार बाटल्या रिचवतो आहे, वजन वाढते आहे, कंटाळा आला आहे. पुढच्या तीन वर्षांत ओल्गा मॉस्कोच्या रंगभूमीवर आणि तो याल्टात, म्हणून पत्रे. चेकॉव्हच्या समग्र वाङ्मयाच्या 30 खंडांच्या रशियन आवृत्तीतले 12 खंड पत्रांचे आहेत, चार हजारांहून अधिक पत्रांचे, आणि याल्टाच्या पत्रांत क्वचितच एखादे प्रकृतीच्या उल्लेखाशिवाय सापडेल. ‘बरा आहे’ आधी, खोकल्याचा तपशील नंतर, आणि त्याच्यानंतर लगेच बागेची किंवा घरच्या पाळीव प्राण्यांची हकिगत. आपल्या ‘इकडील क्षेम’चाच हा क्रम. एका ओळीतला दिलासा पुढच्या ओळीतल्या तपशिलाने तो स्वतःच उघडा पाडतो. ज्याला फसवायचे आहे तो माणूस खोकल्याचा तपशील कशाला देईल? ही पत्रे दोनदा वाचली जावीत अशाच बेताने लिहिलेली आहेत. पहिल्या वाचनात धीर मिळतो, दुसऱ्यात बातमी.

हा माझा तर्क झाला. त्याला आधार मात्र खुद्द चेकॉव्हनेच ठेवून दिला आहे, ‘वाग्दत्ता’ या त्याच्या अखेरच्या कथेत. ती 1903 च्या डिसेंबरात छापली गेली. नाद्या या तरुणीची ही कथा; ठरलेले लग्न मोडून ती शिकायला पीटर्सबर्गला जाते. तिला हा मार्ग दाखवणारा साशा क्षयी आहे. परत येताना ती त्याला मॉस्कोत भेटते, त्याची दशा पाहून तू आजारी आहेस असे म्हणते, आणि तो कबूल करतो, पण लगेच पुस्ती जोडतो की फार नाही. दोन दिवसांनी तो व्होल्गाच्या सफरीवर निघणार आहे आणि तिथून कुमिस प्यायला जाणार आहे. काही दिवसांनी साराटॉवहून त्याचे पत्र येते. अक्षर आनंदी, नाचरे. सफर उत्तम झाली; फक्त साराटॉवला जरा प्रकृती बिघडली, आवाज बसला, आणि दोन आठवडे झाले, रुग्णालयात पडून आहे.

नाद्याला याचा अर्थ तत्काळ कळतो. चेकॉव्ह एवढेच सांगतो. ती साशाला खोटारडा म्हणत नाही, सत्य कळव असे लिहीत नाही, त्याच्या हसऱ्या अक्षराखालचे अक्षर वाचते आणि गप्प राहते. रात्रभर जागते. मग तार येते. ‘क्षय’ हा शब्द त्या तारेत आहे. पत्रात तो नव्हता. तारेचे काम बातमी देण्याचे. पत्राचे काम वेगळे होते.

‘गुसेव’, ‘काळा साधू’ आणि ‘वाग्दत्ता’ या तीन कथांना एका ओळीत ठेवले की तेरा वर्षांत चेकॉव्ह कुठून कुठे आला हे दिसते. पहिल्या कथेत रोग्याची आशा इतरांसमोर मिरवलेली बढाई आहे, आणि ऐकणाऱ्यांना तिच्याशी घेणेदेणे नाही. दुसरीत ती मनातल्या मनात मांडलेला हिशोब आहे. ऐकणारा कोणी नाहीच. तिसरीत ती पत्र झाली आहे, आणि पत्राला वाचक मिळाला आहे. आशेचे विधान कमीअधिक तेच राहिले. बदलला तो ते स्वीकारणारा माणूस. ‘वाग्दत्ता’ लिहिली जात होती त्याच महिन्यांत चेकॉव्ह स्वतः साशासारखी पत्रे पाठवत होता; म्हणजे आपली पत्रे कशी वाचली जावीत, हे त्याने आपल्या शेवटच्या कथेत लिहून ठेवले असे मी समजते. तो मुद्दाम तसे करत होता, असा माझा दावा नाही. लेखक पुष्कळदा असे हेतूशिवाय करून जातात.

या वाचनाला एक आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. या आशेची किंमत कोणी मोजली? 1884 पासून 1897 पर्यंत तेरा वर्षे त्याने छाती तपासू दिली नाही. रोग संसर्गजन्य आहे हे ठाऊक असताना तो कुटुंबात वावरला. ओल्गाला तो याल्टात खरोखर कसा आहे हे मॉस्कोत बसून कळत नव्हते, आणि तुम्ही मला काही सांगत नाही, अशी तिची तक्रार असे. दुरून धीर देणारे पत्र जवळ जाण्याची वाटही बंद करते. हे सारे मान्य करावे लागते. उलट बाजूला एवढेच ठेवता येईल की 1884 साली निदान झाले असते तर उपचार म्हणून हवापालटाखेरीज काही नव्हते, आणि चोविसाव्या वर्षी याल्टाला जाऊन बसलेला चेकॉव्ह साखालीनला गेला नसता, मेलिखोव्होच्या कॉलऱ्याच्या साथीत खेडोपाडी हिंडला नसता. पण हे बोलणे त्याच्या वतीने आपण बोलतो. त्याच्या भावंडांच्या वतीने कोणी काय बोलावे, ते मला सुचत नाही. आक्षेप मी खोडून काढू शकले नाही; तो लेखात राहू दे.

आपल्याकडे राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला क्षयाने गेले, तेहतिसाव्या वर्षी. ‘भावबंधन’ त्यांनी शेवटच्या आजारात पुरे केले, आणि त्यातल्या विनोदाला छातीचा रोग कुठेही शिवलेला नाही. आपण त्याला प्रतिभेचा चमत्कार म्हणून मोकळे होतो. रोग्याचे लिखाण म्हणून ते नाटक वाचून पाहायला हवे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

बाडेनवायलरला परत येऊ. त्या शेवटच्या रात्रीची शॅम्पेनची हकिगत सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्यावर इतके लिहिले गेले आहे की ती मला सांगावीशी वाटत नाही. तिच्यापेक्षा मला 28 जूनचे पत्र मोठे वाटते. बहीण मारियाला लिहिलेले हे पत्र. उकाडा भयंकर आहे, कपडे सगळे हिवाळ्यातले आणले आहेत, जीव गुदमरतो आहे. धाप लागते, आणि तिच्यावर एकच उपाय, हलायचे नाही. हे सगळे त्यात आहे, लपवलेले नाही. पण पत्राचा मोठा भाग प्रवासाच्या बेताला दिलेला आहे. इथून निघायचे म्हणतो. इटलीत कोमोला जावे, तर तिथूनही लोक उकाड्याने पळत आहेत. त्रिएस्तहून बोटीने ओडेसाला यावे असे मनात आहे. तेव्हा चुलतभावाला विचारून कळव की त्या मार्गावर बोटी कशा असतात, सोयीच्या आहेत का, वाटेत बंदरांवर फार वेळ थांबतात का, आणि बोटीवर जेवण चांगले मिळते का. मध्येच अंगावर फ्लॅनेलचे कपडे शिवून घेण्याचीही गोष्ट येते. आणि अगदी शेवटी, इथल्या जर्मन बायकांना कपडे कसे घालावेत ते कळत नाही, एकही धड पोशाख केलेली बाई दिसली नाही, अशी तक्रार.

मारियाने ते पत्र कसे वाचले असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बोटीच्या चौकशीला उत्तर पाठवायला तिच्याकडे चारच दिवस होते.